दातांच्या पाटीखाली ताजा केक

“दात दुखतोय का? मग पुढच्या चौकात जा हो! इथला डॉक्टर कधीच निघून गेलाय.”

शिडीच्या शेंड्यावरून हा सल्ला आला तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती. काखेत बुटांचं खोकं आणि एक हात गालावर. गाल अजिबात दुखत नव्हता. वर जे चाललं होतं ते बघून हात आपसूक तिथे गेला होता. शिडीवरच्या तरुणाच्या हातात छिन्नी होती, आणि ती त्याने एका भल्यामोठ्या दाढेला टेकवली होती.

दाढ चुन्याची होती, कलिंगडाएवढी. कोपऱ्यावरच्या त्या जुन्या दगडी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खिडक्यांच्या वर, कुणा हौशी दंतवैद्याने कधीकाळी ती घडवून घेतली होती. दोन्ही बाजूंना चुन्यातच उठवलेली अक्षरं होती — ‘दातांचा दवाखाना’. आणि खाली, जरा लहान अक्षरांत — ‘न दुखता दात काढून मिळेल’. दंतवैद्य गेला, त्याची खुर्ची गेली, दवाखान्याचं गोदाम झालं. पाटी मात्र जागची हलली नव्हती.

“खाली उतरा!” ती ओरडली.

“अहो, मी डॉक्टर नाही. सूज असेल तर मिठाच्या पाण्याने—”

“मला सूजबिज काही नाही! माझा चेहराच असा आहे. उतरा आधी, आणि ती छिन्नी खिशात घाला.”

तो उतरला. केसांत चुना, भुवयांवर पीठ, आणि चेहऱ्यावर असं निरागस आश्चर्य की एखादीचा राग तिथल्या तिथे विरघळला असता. हिचा नाही विरघळला. निदान तिने तसं दाखवलं नाही.

खरं तर त्या दिवशी तिला सुट्टी होती आणि ती बहिणीचे बूट बदलून आणायला निघाली होती. पण जुन्या इमारतींवर कुठली जुनी पाटी राहील, नवी कुठे लागेल, केवढी लागेल आणि तिचा खिळा कुठे जाईल, हे ठरवायचं तिचं सरकारी काम असं होतं की रस्त्यावरून मान खाली घालून चालणं तिला जमतच नसे. बाजारातले दुकानदार तिला ‘पाटीवाली’ म्हणत. घरी बाबा लाडाने ‘फौजदार’ म्हणत. दोन्ही नावं तिला शोभत होती.

“ही दाढ तुमच्या-माझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी आहे,” ती म्हणाली. “तिला धक्का लावायचा नाही.”

“पण मी इथे केकचं दुकान काढतोय, मॅडम. केकचं! माणूस केक घ्यायला येणार, वर बघणार आणि घरी जाऊन दात घासणार.”

तिने ओठ घट्ट मिटले.

“हसलात,” तो म्हणाला.

“नाही.”

“डावा कोपरा हलला. मी पाहिला.”

“नवी पाटी लावायची असेल तर आमच्या ऑफिसात अर्ज द्या,” ती बुटांचं खोकं सावरत म्हणाली. “जुनी राहणार. दोन्ही एका भिंतीवर गुण्यागोविंदाने कशा नांदतील ते मी बघते.”

“उन्हात उभ्या आहात. पाणी तरी घ्या.”

“नको. अर्जदाराकडचं मी पाणीही घेत नाही.”

“अजून कुठे अर्ज दिलाय मी?”

“देणार आहात ना?”

“आता वाटायला लागलंय... देऊ नये.”

ती तरातरा निघून गेली. वळणावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की बुटांचं दुकान उलट्या दिशेला होतं. पण परत फिरायचं म्हणजे पुन्हा त्याच्यासमोरून जायचं, म्हणून बाईसाहेब अख्ख्या पेठेला वळसा घालून गेल्या. बहिणीला बूट मिळाले ते दुसऱ्या दिवशी.

अर्ज आला. सोबत चित्रही आलं, आणि ते बघून ती तडक त्या कोपऱ्यावर गेली.

“हे काय आहे?”

“प्लास्टिकची पेटती पाटी. केकवर मेणबत्त्या आहेत ना, त्या रात्री लुकलुकतात.”

“या इमारतीवर लुकलुकणारं काहीही चालणार नाही.”

“तुमचे डोळे चालतात की.”

तिच्या हातातली मोजपट्टी सर्रकन आत गेली आणि अंगठ्याला चिमटा बसला. तिने अंगठा झटकला, घसा साफ केला आणि नियम सांगायला सुरुवात केली. नवी पाटी दुकानाच्या दारावरच्या कमानीच्या आत. जुन्या पाटीवर कुरघोडी करणारी नको. आतून दिवा नको, वरून मंद उजेड चालेल. आणि दगडाला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा तो दोन दगडांच्या सांध्यात.

“सांध्यातच का?”

“सांध्यातला चुना पुन्हा भरता येतो. दगड नाही भरता येत.”

त्याने मान वर करून दगडांचे सांधे न्याहाळले. “तुम्ही एवढं सगळं... या भिंतींसाठी करता?”

“कुणीतरी करायला हवं ना,” ती म्हणाली. आजवर हा प्रश्न तिला कुणी कौतुकाने विचारलाच नव्हता. विचारणारे सगळे वैतागलेले असत.

मग नव्या चित्रांची रांग लागली. पण केकवाल्याला पेन्सिल धरता येत नव्हती. कागदावर काढलेली त्याची अक्षरं दारू प्यायल्यासारखी चालत. शेवटी त्याने एक शक्कल काढली. दुकानातल्या लांब टेबलावर त्याने कमानीच्या मापाचा केक मांडला आणि क्रीमचा कोन हातात घेऊन त्यावर पाटीचा नमुना लिहिला — ‘ताजा केक’. कोन हातात आला की तो वेगळाच माणूस होई. मनगट वळे, अक्षर उमले आणि शेवटी एक नाजूक शेपूट सोडून थांबे. ती मोजपट्टी घेऊन आली आणि दारातच थबकली.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. कमानीखालून ओल्या दगडाचा वास आत येत होता आणि भट्टीकडून लोण्याचा. या दोन वासांच्या मधोमध उभं राहून सरकारी काम करणं किती कठीण असतं, ते सरकारात कुणाला कळायचं नाही.

“बघा,” तो म्हणाला. “जशी हवी तशी करतो.”

तिने मोजपट्टी केकवर अधांतरी धरली. “‘के’ची मात्रा फार उंच गेलीय. कमानीला टेकेल.”

त्याने सुरीच्या टोकाने मात्रा उचलली आणि सवयीने सुरी तिच्यापुढे धरली. “घ्या.”

“अर्जदार आहात तुम्ही.”

“मॅडम, ही फक्त एक मात्रा आहे.”

“मात्रेला पण नियम लागू आहे.”

“बरं.” त्याने ती मात्रा स्वतः चाटली, डोळे मिटले आणि इतक्या समाधानाने मान हलवली की तिने रागाने खिडकीबाहेर पाहिलं. “तुम्हाला काय सोडावं लागतंय हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून बरं.”

“माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. आणि ते केकबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळलं. त्याने सुरी पुसून बाजूला ठेवली.

एवढ्यात दारात गाल धरलेला एक गृहस्थ उभा राहिला. “डॉक्टर आहेत?”

असे बरेच येत. वरचं ‘न दुखता’ वाचून माणसं आशेने आत शिरत आणि समोर केक बघून आणखी कळवळत. तो प्रत्येकाला खुर्ची देई, लवंगेच्या तेलाचा बोळा देई आणि पुढच्या चौकातल्या खऱ्या दंतवैद्याकडे पाठवी. केकसाठी मात्र अजून फारसं कुणी येत नव्हतं. कमानीच्या सावलीत दुकान कुणाला दिसतच नसे. नोकरी सोडून त्याने ही भट्टी मांडली होती. नवी पाटी लागली नाही, तर दिवाळखोर दवाखान्याच्या जागी दिवाळखोर केकवाला, एवढाच फरक पडणार होता.

आणि एके दिवशी त्या दारात जो गृहस्थ येऊन उभा राहिला, तो पाटीवालीचा बाप होता.

बाबांची दाढ केव्हापासून दुखत होती. पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांना कापरं भरे, म्हणून त्यांनी घरात ब्र काढला नव्हता. फिरायला म्हणून बाहेर पडले, कोपऱ्यावर वर नजर गेली, ‘न दुखता’ वाचलं आणि देवच पावल्यासारखे आत शिरले. केकवाल्याने खरं काय ते सांगितल्यावर ते इतके हिरमुसले की त्याने सरळ दुकानाला कुलूप घातलं, त्यांचा हात धरला आणि पुढच्या चौकात नेलं. दाढ निघेपर्यंत बाबांनी त्याचा हात सोडला नाही. त्याच्या मनगटावर त्यांच्या नखांचे वण उठले. नंतर तो त्यांना घरी पोहोचवायला गेला, आणि दार उघडलं फौजदारांनी.

“तुम्ही?”

“मीच.”

“बाबा! तोंडात काय आहे?”

“काफूश,” बाबा म्हणाले. म्हणजे कापूस. मग बोळा काढून ते प्रसन्नपणे म्हणाले, “अगं, दाढ काढली! हा माझ्याजवळ बसला होता शेवटपर्यंत. देवमाणूस आहे. आणि केक काय करतो गं! डॉक्टर म्हणाले मऊ खा, म्हणून येताना त्याच्या दुकानात खाल्ला. दोन तुकडे.”

तिने बाबांना आत पाठवलं आणि दार मागे ओढून घेऊन जिन्यात आली.

“तुम्ही माझ्या बाबांना केक खाऊ घातलात?”

“ते तुमचे बाबा आहेत हे मला काय माहीत?”

“आणि कळल्यावर?”

“पहिला तुकडा खाता खाता त्यांनी सांगितलं, माझी मुलगी पाट्यांवर फौजदारी करते. तेव्हा कळलं. मग...” तो ओशाळला. “मग दुसरा तुकडा दिला. जरा मोठा.”

“तुम्हाला हसू येतंय? अहो, तुमच्या अर्जावर मला सही करायची आहे! उद्या मी मंजूर केला तर माझं मलाच कळणार नाही की पाटी चांगली होती म्हणून केला, की... तुम्ही...” तिचा आवाज चिरकला. “मोजायला म्हणून येते मी तुमच्याकडे आणि मोजायचंच विसरते. हे बरोबर नाही. अर्ज तुमचा आहे आणि मी... मी तिथे येता कामा नये.”

“येऊ नका असं म्हणताय?”

“नाही येणार,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. आतून बाबांनी विचारलं, “गेला का गं तो? त्याला आत तरी बोलवायचंस.” ती स्वयंपाकघरात गेली आणि आधीच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. तिचं त्या माणसावर प्रेम बसलं होतं. चांगलं घट्ट बसलं होतं, आणि सरकारी कामात याच्यावर एकच इलाज होता.

ऑफिसात तिच्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘नामंजूर’ म्हणत. त्यांच्या टेबलावरून नवी पाटी क्वचितच सुटे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाइल घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, कोपऱ्यावरच्या दवाखान्याची फाइल माझ्याकडून काढून घ्या.”

“का? अर्जदार त्रास देतो?”

“नाही. आवडतो.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “पाटी आवडते की माणूस?”

“पाटीचं आता तुम्ही ठरवा. माणसाचं... माझं ठरलंय.”

“त्याला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग त्याच्या आधी मला कशाला सांगतेस?”

“तसा नियम आहे, साहेब.”

मग त्यांनी फाइल आपल्याकडे ओढली. “मी नामंजूरही करीन. आत्ताच सांगून ठेवतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. बाहेर येऊन खुर्चीत बसली तेव्हा तिला रडूच फुटलं. त्या माणसाची भट्टी आता तिच्यामुळे बुडणार होती, आणि पाटीसाठी एक शब्दही टाकायचा हक्क तिने आपल्या हाताने घालवला होता.

दुपारी अर्जांच्या खिडकीशी नेहमीसारखी रांग होती. खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, आणि त्यांचा आवाज इमारतीच्या गच्चीपर्यंत जाई.

“मागे घ्यायचाय? चांगला अर्ज मागे कशाला घेता?” मावशींनी विचारलं. “कारण सांगा.”

“खाजगी आहे,” खिडकीबाहेरचा आवाज म्हणाला. टेबलामागे बसलेल्या पाटीवालीच्या हातातलं पेन थांबलं.

“इथे खाजगी काही नसतं, बाळा. नीट सांग, मागे रांग आहे.”

“सांगतो,” आवाज म्हणाला. “तुमच्या ऑफिसात एक मॅडम आहेत. मी अर्जदार आहे तोपर्यंत त्या माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. आता तर येणारही नाहीत म्हणाल्या. मला पाटी नकोय. पाटीशिवाय चालवीन मी दुकान. त्या आल्या नाहीत तर मात्र मला ते चालवायचंच नाही.”

रांगेत एकदम शांतता झाली. कुणीतरी मागून म्हणालं, “घ्या हो मावशी, घ्या मागे त्याचा अर्ज!”

“घेऊ नका!” पाटीवाली ओरडली. ती टेबलांमधून वाट काढत खिडकीशी येऊन उभी राहिली. डोळे लाल, नाक लाल, केसांत खोचलेली पेन्सिल तशीच. “अर्ज मागे घ्यायचा नाही. फाइल माझ्याकडे नाहीच आता.”

तो गोंधळला. “कुठे गेली?”

“सकाळीच साहेबांना देऊन टाकली.”

“का?”

“तुम्ही ज्यासाठी मागे घेताय...” तिने खिडकीची कड घट्ट धरली. “त्याचसाठी.”

त्याला ते उमगायला वेळ लागला. केकवाल्याला लागला, रांगेला नाही. रांगेने टाळ्या वाजवल्या. मावशींनी पदराने डोळे टिपले आणि खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’चा फलक लावला. तेवढ्यात आतून साहेब आले, बगलेत फाइल, हातात छत्री.

“गोंधळ कशाचा आहे? अर्जदार कोण? तुम्ही? चला, जागा दाखवा मला.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “तू रस्त्याच्या पलीकडे थांबायचंस. आत पाऊल टाकायचं नाही.”

असे ते तिघे त्या कोपऱ्यावर आले. साहेब एकटेच कमानीखाली शिरले. त्यांनी सांधे चाचपले, मागे जाऊन दाढेकडे पाहिलं, पुढे येऊन कमान मोजली, पुन्हा मागे गेले. हे दोघे पलीकडच्या पदपथावर शेजारी शेजारी उभे होते. मध्ये एका माणसापुरती जागा होती. ती हळूहळू कमी होत होती, पण कोण सरकतंय ते कळत नव्हतं.

“भीती वाटतेय?” तिने विचारलं.

“वाटतेय. पण पाटीची नाही.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “माझ्या हाताला कायम लोण्याचा वास असतो. पहाटे उठून कामाला लागतो. चालेल?”

“मी रस्त्याने वर बघत चालते. खड्ड्यात पडते. चालेल?”

“मी हात धरीन ना.”

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला. बाबांच्या नखांचे वण अजून त्याच्या मनगटावर होते आणि तिने त्यांच्यावरून हलकेच अंगठा फिरवला. समोर साहेब भिंतीला नाक लावून काहीतरी बघत होते. त्यांची पाठ या दोघांकडे होती, आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

“नामंजूर झालं तर?” त्याने विचारलं.

“होऊ दे. मी रोज ऑफिस सुटलं की दारात येऊन उभी राहीन. वर बघून कुणी दचकलं की म्हणेन, घाबरू नका, आत या, आमच्याकडे केक फार छान मिळतो.”

“रोज?”

“रोज.”

“आमच्याकडे?”

“आमच्याकडे,” ती म्हणाली आणि यावेळी ओठांचे दोन्ही कोपरे हलले. तिने ते लपवले नाहीत.

साहेब रस्ता ओलांडून आले. हातांकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असलं तरी तसं दाखवलं नाही. त्यांनी फाइल उघडली, टाचणी लावलेला केकवरच्या पाटीचा फोटो पुन्हा एकदा न्याहाळला आणि खिशातून पेन काढलं.

“अक्षरं बोटभर लहान करा. खिळे सांध्यातच,” ते म्हणाले. “बाकी ठीक आहे. मंजूर.”

केकवाल्याचा चेहरा पडला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “साहेब... नामंजूर नाही का करता येणार?”